संगणकाच्या पोटातील वीजगळती

येलदरीच्या श्रोत्यांपुढे विजेवर बोलावयास उभे राहणे हे थोडे धाडसच होय. पूर्णा नदीवरील हे धरण आणि त्याच्या पायथ्याचे वीजघर ज्यांनी रोज पाहिले, ज्यांच्या वडीलधाऱ्यांपैकी कित्येकांनी या बांधावर माती-दगड वाहिले, त्यांना वीज कशी होते हे आम्ही काय सांगावे! १९६८ साली सुरू झालेल्या या वीजघरात ७.५ मेगावॅटचे ३ संच आहेत. म्हणजे पूर्ण भारावर एकंदर २२.५ मेगावॅट. येथून विजेची जी तार निघते, तिच्या या टोकाविषयी आपण पुष्कळ जाणता. आम्ही आज दुसऱ्या टोकाविषयी बोलणार आहोत. ते टोक शाळेत, ग्रामपंचायतीत, सेवा केंद्रात किंवा आपल्या घरात ठेवलेल्या संगणकाच्या पोटात आहे. तेथे पत्र्याची एक लहानशी पेटी असते. तिला दुकानदार ‘एसएमपीएस’ म्हणतात. ही पेटी किती वीज घेते, पुढे किती देते आणि मधल्या मधे किती खाते, एवढाच आमचा विषय आहे.

आम्ही अभियंते नव्हे. हा विषय आमच्याकडे आला तो तक्रारीच्या रूपाने. २००९ सालच्या एप्रिल महिन्यात एका संगणक-वर्गात शिकविणाऱ्या काही मुली आमच्या युनियनच्या कचेरीत आल्या. वर्गात २० संगणक होते, वर पत्रे, आणि ४ पंखे. वीजबिल फार वाढले म्हणून चालकांनी हुकूम काढला होता की, पंखे दोनच लावावेत आणि दुपारी तेही बंद ठेवावेत. त्यांतली एक म्हणाली, “भाऊ, मुलांना घेरी येते, आणि वर बोलणी आम्हांलाच खावी लागतात.”

मागणी साधी होती : पंखे सुरू करून द्या. परंतु चालकांचे म्हणणेही खोटे नव्हते. बिल खरोखरच मोठे होते. मग एवढी वीज जात होती कोठे? ओळखीच्या एका वायरमनकडे वीज मोजण्याचे लहान मीटर होते. ते प्लगमध्ये बसवायचे आणि त्यात संगणकाची वायर लावायची. पडदा वगळून एका संगणकाची मागणी १५४ वॅटच्या आसपास भरली. मग वायरमनने त्याच संगणकातील जुनी पेटी काढून चांगल्या बनावटीची दुसरी बसविली. आकडा ११८ वर आला. यंत्र तेच, काम तेच. फक्त पेटी बदलली आणि ३६ वॅटची मागणी नाहीशी झाली. २० संगणकांची मिळून ही बचत ७२० वॅट होते. वर्गातले चारही पंखे मिळून ३०० वॅट घेत होते! म्हणजे ज्या पंख्यांवर चोरीचा आळ आला होता, त्यांच्या दुपटीहून अधिक वीज त्या पेट्या कोणाच्या नजरेस न पडता खात होत्या. त्या दिवसापासून आम्ही या पेटीच्या मागे लागलो.

ही पेटी करते तरी काय? आपल्या भिंतीतून येणारी वीज २३० व्होल्टची आणि उलटसुलट वाहणारी, म्हणजे प्रत्यावर्ती असते. सेकंदास ५० आवर्तने. संगणकाच्या आतील भागांना मात्र एकाच दिशेने वाहणारी आणि फार कमी दाबाची वीज लागते : १२ व्होल्ट, ५ व्होल्ट, ३.३ व्होल्ट, आणि मुख्य प्रक्रियकाला तर सुमारे १ व्होल्ट. धरणाचे पाणी एकदम वाफ्यात सोडले तर वाफाच वाहून जाईल. म्हणून आपण कालवा, वितरिका, चारी आणि सरी अशा पायऱ्यांनी ते खाली आणतो. वीजपेटीचे काम तेच आहे. आणि कालव्याला जशी पाझराची गळती, तशी या पेटीलाही आहे. फक्त येथे पाझर उष्णतेच्या रूपाने होतो. पेटीमागच्या पंख्यापुढे हात धरला म्हणजे जी ऊब लागते, तिच्यात या गळतीचा वाटा असतो.

पूर्वी हे काम लोखंडी गाभ्याचा जड ट्रान्सफॉर्मर करीत असे. त्याने दाब खाली आणायचा, मग वीज एकदिश करायची, आणि दाब स्थिर राहावा म्हणून जरुरीपेक्षा जास्त तो भाग एका भागात तापवून टाकायचा. चारीतील पातळी राखण्यासाठी जास्तीचे पाणी नाल्यात सोडून द्यावे, तसा हा प्रकार. अशा पेटीत निम्म्याहून अधिक वीज वाया जाणे ही नवलाची गोष्ट नव्हती. १९७७ साली अमेरिकेत निघालेल्या ॲपल-२ या संगणकात रॉड होल्ट यांनी निराळ्या जातीची, हलकी आणि थंड राहणारी पेटी बसविली. आणि पुढे घरगुती संगणकांत तीच जात रूढ झाली.

या नव्या जातीत भिंतीतून आलेली वीज प्रथम एकदिश केली जाते. तेव्हा तिचा दाब सुमारे ३२५ व्होल्ट होतो. मग एक इलेक्ट्रॉनिक दार सेकंदाला हजारो, लाखभर वेळा उघडून आणि मिटून तिचे बारीक तुकडे करते. हे तुकडे एका लहानशा फेराइट गाभ्याच्या ट्रान्सफॉर्मरमधून खाली उतरतात, पुन्हा एकदिश होतात, आणि गाळून एकसारखे केले जातात. दाब वाढू लागला तर दार थोडा कमी वेळ उघडायचे, उतरू लागला तर थोडा जास्त वेळ. जास्तीचे पाणी नाल्यात सोडायचे नाही. मुळात दारच बेताने उघडायचे. आणि तुकडे इतके बारीक म्हणून प्रत्येक खेपेला वाहायचा भार थोडा. त्यामुळे ट्रान्सफॉर्मरही मुठीएवढा पुरतो.

मग गळती राहते कोठे? ती चार-पाच ठिकाणी राहते. पहिले ठिकाण ते दार. पूर्ण उघडे असताना किंवा पूर्ण मिटलेले असताना ते फारसे खात नाही. पण उघडण्या-मिटण्याच्या मधल्या क्षणी खाते, आणि असे क्षण सेकंदाला हजारोंनी येतात. दुसरे ठिकाण ट्रान्सफॉर्मर. तेथे तांब्याची तार आणि फेराइटचा गाभा दोन्ही तापतात. तार बारीक वापरली की तापणे वाढते.

तिसरे ठिकाण सर्वांत महत्त्वाचे, म्हणून त्यावर थोडे थांबू. बाहेर पडताना वीज ज्या डायोडमधून जाते, तो आपला कर घेतो. हा कर सुमारे अर्ध्या व्होल्टचा असतो. आणि तो मालाच्या किमतीवर नसून डोईवर आहे. बाजाराच्या नाक्यावर दर पाटीला ५० पैसे जकात आहे असे समजा. १२ रुपयांची पाटी असो की ५ रुपयांची, जकात तेवढीच. १२ व्होल्टच्या वाटेवर या जकातीत सुमारे ४ टक्के जातात, ५ व्होल्टच्या वाटेवर ९ टक्के, आणि ३.३ व्होल्टच्या वाटेवर १३ टक्के. यावर दोन उपाय आहेत. एक, डायोडच्या जागी मॉस्फेट नावाचे इलेक्ट्रॉनिक दार बसवायचे, जे फारच थोडा कर घेते. दुसरा, पेटीने फक्त १२ व्होल्टच द्यायचे आणि त्यापुढचे लहान दाब संगणकाच्या बोर्डावर, जेथे लागतात तेथेच, तयार करायचे. हा दुसरा उपाय २००६ साली गूगल कंपनीच्या अभियंत्यांनी एका निबंधात जोराने मांडला. १० कोटी संगणक रोज ८ तास चालले, तर अशा पेट्यांनी ३ वर्षांत ४,००० कोटी युनिट वाचतील, असा त्यांचा अंदाज होता. पुढे इंटेल कंपनीनेही केवळ १२ व्होल्टच्या पेटीचा नमुना जाहीर केला.

शेवटचे ठिकाण पेटीचा स्वतःचा संसार : तिचा पंखा, तिचे नियंत्रण. दुकान उघडले की गिऱ्हाईक येवो न येवो, भाडे द्यावेच लागते. तसा हा खर्च.

आता हिशेब करू. बाहेर आलेली वीज भागिले आत गेलेली वीज, हीच पेटीची कार्यक्षमता. आतल्या भागांना १०० वॅट लागतात असे धरा. पेटी ६५ टक्क्यांची असेल तर भिंतीतून १५४ वॅट ओढावे लागतात. ८५ टक्क्यांची असेल तर ११८. फरक ३६ वॅटचा. दिवसाला ८ तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर एका संगणकामागे वर्षाला सुमारे ८६ युनिट. २० संगणकांचे १,७०० युनिटांच्या वर. युनिटचा दर १० रुपये धरला तर वर्षाचे १७,००० रुपये. उष्णतेचा हिशेबही करावा. ६५ टक्क्यांच्या २० पेट्या १,०८० वॅटची ऊब खोलीत सोडतात. म्हणजे एक किलोवॅटची शेगडी दिवसभर पेटवून ठेवल्यासारखे झाले. चांगल्या पेट्या ३५० वॅट सोडतात. संगणकाने कामात लावलेले १०० वॅटही शेवटी उष्णताच होतात, हे खरे. पण त्याच्या बदल्यात काही काम तरी झालेले असते. शेगडीच्या बदल्यात काहीच नाही. एप्रिलमध्ये पत्र्याखाली ही शेगडी पेटवायची आणि मुलांना म्हणायचे, पंखे बंद करा!

हाच हिशेब आता पाण्यात मांडून पाहू, कारण येथे तो लवकर पटेल. पाणी ३० मीटर उंचीवरून पडते असे हिशेबापुरते धरा. यंत्रांची घट वजा जाता एक युनिट वीज करण्यास सुमारे १४ हजार लिटर पाणी चक्रांवरून जावे लागते. म्हणजे एका संगणकातील एका वाईट पेटीपायी वर्षाला १२ लाख लिटर पाण्याची पडझड फुकट जाते. हे पाणी नाहीसे होत नाही. ते पुढे सिद्धेश्वरला आणि कालव्यांना जातेच. पण पडण्याचे जे बळ एकदाच मिळते, ते वाया जाते. आणि सव्वासहा लाख संगणकांतील हा ३६ वॅटचा फरक एकत्र केला, तर येलदरीचे तिन्ही संच पूर्ण भारावर चालून जेवढी वीज देतील तेवढा होतो. शिवाय आपल्याकडील बरीचशी वीज पाण्याच्या पडण्यातून येत नाही. ती कोळशावर होते. एका युनिटमागे सहा-सातशे ग्रॅम कोळसा जळतो, आणि थंड करण्यास पाणी लागते ते निराळेच. २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे औष्णिक केंद्र बंद ठेवावे लागले, हे मराठवाड्याने पाहिले आहे. आपल्या भागात विजेची उधळपट्टी ही शेवटी पाण्याचीच उधळपट्टी ठरते.

येथे एक समजूत दूर केली पाहिजे. पेटीवर ४५० किंवा ५०० वॅट लिहिलेले असते, म्हणून ती तेवढी वीज खाते असे नव्हे. तेवढी देण्याची तिची ताकद आहे, इतकाच त्याचा अर्थ. आणि स्वस्त पेटीवरचा हा आकडा पुष्कळदा धाडसी असतो. दुसरी समजूत अशी की मोठी पेटी म्हणजे चांगली पेटी. वस्तुतः पेटी आपल्या ताकदीच्या निम्म्या भारावर बहुधा सर्वांत चांगली चालते. ४० वॅटच्या संगणकाला ५०० वॅटची पेटी लावली, तर एका पोत्यासाठी चार बैल जुंपल्यासारखे होते. मघाचे दुकानभाडे अंगावर येते आणि टक्केवारी घसरते.

मराठवाड्यात आणखी एका गोष्टीचा विचार करणे भाग आहे. भारनियमनाच्या काळात संगणक बॅटरीवर चालत. आजही वीज गेली की चालतात. समजा आपण १०० युनिट घेतले. चार्जिंगमध्ये ८५ उरले, बॅटरीतून परत आले ६८, इन्व्हर्टरमधून बाहेर पडले ५८. त्यापुढे ६५ टक्क्यांची पेटी असेल तर संगणकाला पोचले ३८. ८५ टक्क्यांची असेल तर ४९. हे आकडे नमुन्यादाखल आहेत. पण रीत हीच. प्रत्येक नाका मागच्या नाक्यातून वाचलेल्यावर कर घेतो, म्हणून शेवटचा नाका सुधारला की सगळ्या वाटेचा भार हलका होतो, आणि तीच बॅटरी जास्त वेळ टिकते. त्यातच, चांगल्या पेटीत शक्तिगुणक सुधारण्याचीही सोय असते. ती नसली तर पेटी वायरमधून जरुरीच्या दीडपट प्रवाह ओढते. घरच्या मीटरवर त्याचे युनिट पडत नाहीत, पण वायरिंग तापते आणि यूपीएस लवकर दमते.

हे सारे ओळखायचे कसे? अमेरिकेत २००४ साली इकॉस या सल्लागार संस्थेने वीज कंपन्यांच्या साह्याने ‘८० प्लस’ नावाची योजना काढली. २०, ५० आणि १०० टक्के भारावर ज्या पेटीची कार्यक्षमता किमान ८० टक्के भरेल, तिला हा शिक्का द्यायचा. आणि अशा पेट्या बसविणाऱ्या कारखानदारांना थोडे अनुदान. वीज विकणाऱ्या कंपन्यांनीच वीज वाचविण्यासाठी पैसे द्यावेत, याचे नवल वाटेल. पण मागणी भागवण्यासाठी नवे वीजघर बांधण्यापेक्षा पेट्या सुधारणे त्यांना स्वस्त पडत होते. पुढे या शिक्क्याच्या पायऱ्या झाल्या : ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, टायटॅनियम. ११५ व्होल्टवरील कसोटीत निम्म्या भारावर ब्राँझला ८५ टक्के, गोल्डला ९० आणि टायटॅनियमला ९४ टक्के लागतात. २००७ साली अमेरिकेच्या ‘एनर्जी स्टार’ या सरकारी चिन्हानेही ८० टक्क्यांची अट संगणकांना घातली. आपल्याकडे २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला. फ्रिजवर तारे आले. २०२३ पासून छताच्या पंख्यावरही ते सक्तीचे झाले. पंखा डोळ्यांसमोर फिरतो, म्हणून त्याचे तारे ग्राहक मोजतो. संगणकाच्या पोटातील पेटीकडे मात्र विकत घेणाराही वळून पाहत नाही.

आणि आमच्या मते दुखणे नेमके येथेच आहे. ही पेटी निवडतो एक, तिचे बिल भरतो दुसरा, आणि तिची ऊब सोसतो तिसरा. खरेदी करणारा निविदेत सर्वांत कमी किंमत पाहतो. पुरवठादार दोन-चारशे रुपये वाचविण्यासाठी हलकी पेटी घालतो. पुढची सहा वर्षे बिल संस्थेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या डोक्यावर बसते. आणि काटकसरीचा हुकूम निघतो तो शिकविणाऱ्या मुलीला आणि शिकणाऱ्या पोराला. काटकसर वाईट नव्हे. आम्ही स्वतः जाता येता दिवे मालवणारे आहोत. पण ज्याच्या हातात गळतीची चावी नाही, त्यालाच काटकसर शिकविणे हा न्याय नव्हे.

कोणी म्हणेल, आता संगणक पूर्वीइतके खादाड राहिले नाहीत, लॅपटॉप तर फारच थोड्या विजेवर चालतो. हे खरे आहे. म्हणूनच चालू यंत्र मोडून नवे घ्या असे आम्ही सांगत नाही. जो संगणक दिवसाला तासभर चालतो, त्यात मघाच्याच फरकाने वर्षाला ११ युनिट वाचतील. त्यासाठी पेटी बदलणे परवडणार नाही. पण जेथे यंत्रे दिवसभर चालतात, जेथे एका खोलीत दहा-वीस आहेत, तेथे चार गोष्टी कराव्यात. एक : खरेदीच्या कागदात, पेटी ८० प्लस शिक्क्याची, किमान ब्राँझ पायरीची असावी, असे एक वाक्य लिहावे, आणि माल आल्यावर कॅबिनेट उघडून शिक्का पाहावा. दोन : पेटीची ताकद गरजेच्या बेताची मागावी. तीन : जळालेल्या पेटीच्या जागी पुन्हा तीच हलकी पेटी बसू देऊ नये, बदलायची खरी वेळ तीच असते. चार : काम संपल्यावर भिंतीवरचे बटण बंद करावे, कारण ‘बंद’ केलेला संगणकही थोडी वीज घेतच असतो. युरोपीय संघाने २०१३ पासून अशा बंद उपकरणांना अर्ध्या वॅटची मर्यादा घातली ती याचसाठी.

आणि या सगळ्यांच्या आधी, मोजावे. चार-पाचशे रुपयांचे मीटर शाळेत किंवा वाचनालयात एक असले तरी सगळ्या गावाला पुरते. आम्ही इतकी वर्षे वाटाघाटी केल्या. त्यांत आवाजाने जेवढे मिळाले त्याहून जास्त आकड्याने मिळाले, हा आमचा अनुभव आहे. त्या संगणक-वर्गातही तसेच झाले. आम्ही चालकांपुढे भाषण केले नाही. मीटर लावून १५४ आणि ११८ हे दोन आकडे दाखविले. पेट्या एकदम बदलल्या गेल्या नाहीत. जसजशा जळाल्या, तसतशा त्या बदलत गेल्या. पंखे मात्र त्याच आठवड्यात सुरू झाले, चारही.